तपकीर गल्लीतली पहिली मोटार

पुण्याला तुमचे जाणे होतेच. कोणाचे दवाखान्याचे काम असते, कोणाचे कोर्टाचे, कोणाला माल घेऊन मार्केट यार्डावर यावे लागते. काम उरकते, परतीची एसटी संध्याकाळची असते आणि मधले दोन-तीन तास रिकामे राहतात. अशा वेळी घरून निघताना लेकराने हळूच सांगितलेले आठवते, "येताना रिमोटची गाडी आणा." मग रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून चकचकीत खोक्यातली एक गाडी घेतली जाते. आठ दिवस ती अंगणात धावते, नवव्या दिवशी ओसरीच्या कोनाड्यात जाऊन बसते. पैसे गेल्याचे दुःख बापाला, गाडी गेल्याचे लेकराला.

या खेपेस मी तुम्हांला जरा वेगळ्या वाटेने नेतो. खर्च फार वाढत नाही; मात्र सवड हवी आणि लेकरू बरोबर हवे.

गेल्या हंगामात माझा चुलतभाऊ आणि त्याची सातवीत शिकणारी मुलगी यांच्याबरोबर मी ही वाट चाललो. भुईमूग निघाल्यावर या पोरीने आपल्या आणि शेजारच्या वावरांत सरवा वेचला. त्या शेंगा विकून तिने अकराशे पन्नास रुपये साठवले होते. तिला कपडे नकोत, पैंजण नकोत. तिला स्वतः जोडता येईल अशी मोटार हवी होती. भावाचे मत अगदी उलट. मागच्या जत्रेत धाकट्यासाठी घेतलेली गाडी आठवड्यात बंद पडली, तेव्हापासून त्याने शपथच घेतलेली. तरी लेकीचा हट्ट आणि कष्ट पाहून त्याने साडेआठशे घातले. एकूण दोन हजार. "याच्यावर एक रुपया नाही, दादा," असे त्याने मला एसटीतच बजावून ठेवले. "आणि ही पण बंद पडली तर पुन्हा नाव काढायचं नाही."

स्वारगेटला उतरलात की आता भुयारी मेट्रो आहे. सप्टेंबर २०२४ पासून ती स्वारगेटवरून सुटते आणि पहिलेच स्टेशन मंडई. तिथे वर आलात की महात्मा फुले मंडईची दगडी इमारत आणि तिचा उंच मनोरा दिसतो. शेतकऱ्याने ही इमारत एकदा नीट पाहावी. ती १८८६ साली उघडली, तेव्हा गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. तिच्यावरच्या भरमसाट खर्चाला महात्मा फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले. खर्च करताना काय घेतो आणि कशासाठी घेतो हे विचारणारा माणूस त्या काळीही होता, एवढे ध्यानात ठेवून आपण पुढे चालू.

मंडईलगतच तुळशीबाग. रामाचे देऊळ आणि भोवती भांडी, बांगड्या, देवाची उपकरणी आणि भातुकली यांची दुकाने. पितळेची चिमुकली चूल, पोळपाट, पातेली पाहून भावाचे पाय थबकले. "हे घे की गं. कधी बिघडायचं नाही." पोरगी म्हणाली, "बाबा, सरवा माझा हाय." तो हसला आणि पुढे निघाला. भातुकली वाईट असे माझे म्हणणे नाही. पण ज्या मुलीने भावाची बंद गाडी सुईने उघडून आतली मोटर बाहेर काढली होती, तिला चुलीपुढे बसवण्यात काय हशील?

दगडूशेठ गणपतीला हात जोडून बुधवार पेठेत आत शिरलात की विचारत विचारत तपकीर गल्ली गाठावी. नावात तपकीर असली तरी आज तिथे विजेच्या सामानाचा बाजार आहे. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना तारांची भेंडोळी, बटणे, दिव्यांच्या माळा, कंडेन्सर, पंख्याचे सुटे भाग. हातगाडी आली की माणसाने भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरसाठी तुमच्यापैकी कित्येकांनी ही गल्ली पाहिलीही असेल. याच परिसरात शाळा-कॉलेजांच्या मुलांना यंत्रमानव बनवण्यासाठी लागणारे सुटे सामान विकणारी छोटी दुकाने आहेत. बहुतेक माळ्यावर किंवा जिन्याखाली. पाटी चटकन दिसत नाही, म्हणून विचारायला लाजू नका.

आता मुख्य गोष्ट. रिमोटची गाडी तीन तऱ्हेची मिळते.

पहिली तयार खेळण्यातली. तिच्यात बिघडलेला भाग बदलता येत नाही, कारण तो सुटा कुठे मिळतच नाही. स्वस्तातल्या पुष्कळ गाड्या २७ मेगाहर्ट्‌झच्या लहरींवर चालतात आणि शेजारच्या पोराकडे तसलीच गाडी असेल तर एकाच्या रिमोटने दोघांच्या गाड्या वळतात. भांडणाला निमित्त! २.४ गिगाहर्ट्‌झच्या गाडीत रिमोट आणि गाडीची जोडी जमलेली असते, त्यामुळे तो घोटाळा टळतो. अगदीच तयार गाडी घ्यायची तर खोक्यावर हा आकडा पाहा आणि आयएसआयचे चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचे आहे.

दुसरी तऱ्हा शौकिनांची. जपानच्या शिझुओका शहरातील तामिया कंपनीचे संच या बाबतीत जगभर नावाजलेले. खिळा न् खिळा सुटा येतो, पोरे तो आठवडाभर जोडत बसतात, आणि तुटलेला भाग सुटा मिळतो. वस्तू उत्तम. पण पुष्कळदा खोक्यावरची किंमत ही पुरती किंमत नसते. रिमोट, बॅटरी, चार्जर वेगळे घ्यावे लागतात आणि आपल्याकडे हिशेब सहज दहा हजारांच्या पुढे जातो. नव्या शेतकऱ्याने पहिल्याच वर्षी पॉलीहाऊस उभारू नये, तसेच हे.

तिसरी तऱ्हा आपल्या कामाची. एक पारदर्शक किंवा रंगीत पट्टी, तिला भोके पाडलेली, पिवळ्या डबीतल्या छोट्या मोटरी, चाके, स्क्रू आणि बॅटरीची डबी. दुकानदार या मोटरीला 'बीओ मोटर' म्हणतात. ती ३ ते ६ व्होल्टवर चालते. डबीत प्लॅस्टिकचे दाते आहेत. बहुधा ते १ ला ४८ अशा मापाचे असतात, म्हणजे आतली मोटर ४८ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. नांगरताना ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये का घालता, तेच हे गणित: वेग जातो, जोर येतो. चाक ६५ मिलिमीटरचे, एका फेऱ्यात सुमारे २० सेंटिमीटर जाते. मिनिटाला २०० फेरे धरले तर मिनिटाला ४० मीटर, म्हणजे बैलाची चाल. पहिल्या गाडीला एवढाच वेग हवा. भिंतीवर आदळली तरी काही तुटत नाही आणि लेकराला तिच्याबरोबर चालत जाता येते.

दुकानदाराने आम्हांला पुढे दाखवली ती दोन चाकांची गाडी, मागे एक फिरते छोटे गोल चाक. स्वस्त होती. पण ती शहरातल्या फरशीची गाडी. आपल्या अंगणात खडा असतो, काडी असते, पावसाळ्यानंतर भेगा असतात. ते छोटे चाक पहिल्याच खड्यात अडकते. म्हणून चार मोटरी आणि चार चाकेच घ्या. शेणाने सारवलेल्या अंगणात ती छान पळते, मोकळ्या मातीत मात्र तीही रुतते. हे लेकराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर गाडी थेट वाफ्यात जाईल.

"हिला स्टेअरिंग कुठाय?" भावाने विचारले. प्रश्न रास्त. पोरीनेच उत्तर दिले, "पोकलेनला कुठं असतं बाबा?" एका बाजूची चाके थांबली आणि दुसऱ्या बाजूची चालत राहिली की गाडी वळते. बांधाशी ट्रॅक्टर वळवताना आपण एकाच बाजूचा ब्रेक दाबतो, ती युक्ती. भावाने पहिल्यांदा गाडी हातात घेऊन उलटी करून पाहिली ती तेव्हा.

आता ती चालवायची कशाने? पुष्कळ दुकानांत मोबाईलवरून चालणारा ब्लूटूथचा संच पुढे करतात. तो शिकण्यासारखा आहे, पण त्यात आर्डुइनो नावाची पट्टी लागते, तिच्यात संगणकावरून सूचना भरायच्या असतात, आणि घरात एकच मोबाईल असेल व तो बापाच्या खिशात शेतावर गेला तर गाडी संध्याकाळपर्यंत बसून. शिवाय ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर. माझ्या मते पहिल्या गाडीला २.४ गिगाहर्ट्‌झचा साधा रिमोट आणि त्याची जोडीची पट्टी घ्यावी. सोबत दुहेरी खटक्याची दोन बटणे आणि दोन-तीन मीटर तार. आधी तारेने चालवायची. खटका उलटा केला की मोटरीला वीज उलटी जाते आणि चाक मागे फिरते, हे पोराला डोळ्यांनी दिसू द्या. तार जमली की मग बिनतारी. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कला बिनतारी चालणारी छोटी नाव लोकांना दाखवली, तीही पाहणाऱ्यांना जादूच वाटली होती. घरात जादू राहू नये, एवढ्यासाठी ही तार.

बॅटरीच्या बाबतीत हात आखडू नका. आमच्या दोन हजारांतले ६४० रुपये चार रिचार्जच्या पेन्सिल सेलना आणि त्यांच्या चार्जरला गेले. भावाला ते फार जड गेले. पण एकदाच वापरायचे सेल घेतले तर दर आठवड्याला पैसे जातात आणि महिन्याभरात पोराचा हिरमोड होतो. चार सेल मिळून ४.८ व्होल्ट, मोटरीला बरोबर मानवणारे. चौकोनी ९ व्होल्टचा सेल कोणी दिला तर घेऊ नका. आकडा मोठा, पण त्यात मोटर ओढण्याचा दम नाही. लिथियमचे गोल सेल जोरकस असतात. परंतु दोन टोके चुकून जोडली गेली, सेल ठेचला किंवा भलत्या चार्जरवर लावला तर पेट घेतात. पहिल्या गाडीत ते नकोतच. आणि फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी! ती प्रत्येक घरात असते आणि पोरांचे लक्ष तिच्याकडे जातेच. तिने मोटर जळते, तार तापते, हात भाजतो. पंप उंचावर ठेवा.

बाकी हिशेब असा झाला: सांगाडा, चार मोटरी व चाके ५६०, रिमोटची जोडी ४५०, बटणे, तार व बॅटरीची डबी १३०, एक बरा पेचकस ६०, दोन जादा मोटरी १२०. सेल धरून १९६०. हे आमच्या दिवसाचे भाव. तुमच्या वेळी खाली-वर होतील, घासाघीस करा. जादा मोटरी मात्र विसरू नका. या पिवळ्या मोटरीचे तांब्याचे दोन कान फार नाजूक असतात, तार ओढली गेली की तुटतात. म्हणून मोटरींना तारा दुकानातच सोल्डर करून घ्याव्यात आणि प्रत्येक तार मोटरीच्या अंगाला पट्टीने आवळून घ्यावी. आम्ही सांगितल्यावर दुकानातल्या पोऱ्याने वेगळे पैसे न घेता करून दिले. नुसत्या टेबलावर चाके फिरलेली पाहून बाहेर पडू नका. गल्लीत जमिनीवर ठेवून, दहा-पंधरा पावले लांब जाऊन रिमोट दाबून पाहा. आम्ही पाहिले तेव्हा डावी चाके उलटी फिरत होती. पोरीने तिथेच त्या बाजूच्या दोन तारा अदलाबदल केल्या. दुकानदार म्हणाला, "पाव्हणं, हिला पुढच्या वर्षी इकडंच पाठवा कामाला."

ज्यांना मुंबई जवळ, त्यांनी ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला जावे, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असे असते, तिथेही हाच बाजार आहे. आठ-नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला हे सुटे सामान एकट्याने देऊ नका, स्क्रू तोंडात जातात. त्याहून मोठ्यांच्याही शेजारी पहिले दोन दिवस घरातले कोणीतरी बसावे.

दोन महिन्यांनी मी त्या गावी पीक पाहणीला गेलो होतो. गाडीचा उजवा पुढचा कान तुटला होता. पोरीने जुनी मोटर काढून जादाची बसवली, भावाने बॅटरी धरली होती म्हणे. गाडीवर आता खोक्याचा हौदा आहे, आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोंबड्यांचे दाणे त्यातून जातात. कोंबड्या मात्र अजून बुजतात. तुटलेली मोटर तिने उघडून ठेवली आहे. आतल्या दात्यांत धूळ बसली होती, तेव्हा दर आठवड्याला सुक्या कुंचल्याने गाडी झाडायची असे तिने ठरवले आहे. तुम्हीही तसे करा. आणि रविवारी जाऊ नका, गल्लीतली बरीच दुकाने बंद असतात.