आयोडीन घ्यायचं की थांबायचं?

गेल्या वर्षी श्रावणात माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सर. वय ३१, मुलगा दीड वर्षाचा. आवाज शाबूत राहिला, चौथ्या दिवशी घरी आले. वाटलं, सुटलो! पण खरी परीक्षा पुढेच होती.

रिपोर्टमध्ये होतं: गाठ १.८ सेंटीमीटर, थायरॉइडच्या आतच. सोबत काढलेल्या पाच लसिकाग्रंथींपैकी एकीत जेमतेम एक मिलिमीटरचा ठिपका. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, "रेडिओआयोडीन देऊन टाकू, म्हणजे पुढची काळजी नको."

आमच्या इंदूरमध्ये बातमी लपत नाही. शेजारच्या आंटी दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "कैंसर है तो सिकाई तो होगी ही." खरं तर ही सिकाई नव्हे. ही एक गोळी असते. थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेतात. त्याच सवयीचा फायदा घेऊन किरणोत्सारी आयोडीन-१३१ त्यांच्यापर्यंत पोचवायचं, की त्या आतूनच मरतात. १९४० च्या दशकापासून हा उपचार चालत आला आहे. त्याने असंख्य लोक वाचले, यात शंका नाही.

पण माझी अडचण वेगळी होती. कबीर रात्री अजून अंगावर प्यायचा. गोळी घ्यायची तर कित्येक आठवडे आधी ते बंद करायचं, आणि पुन्हा सुरू करायचं नाही. गोळीनंतर हॉस्पिटलच्या वेगळ्या खोलीत राहायचं. घरी आल्यावरही काही दिवस मुलाला कुशीत घ्यायचं नाही. दुसरं मूल हवं असेल तर निदान सहा महिने थांबायचं. शिवाय लाळग्रंथींना त्रास होऊन तोंड कोरडं पडू शकतं.

इकडे बाबांनी तयारीही सुरू केली होती. गोळीआधी आयोडीन कमी असलेलं जेवण लागतं. म्हणजे साधं मीठ, दूध-दही, अंडी, मासे बंद. त्यांनी सैंधव मिठाचं दोन किलोंचं पाकीट आणून ठेवलं. पोह्यांवरची शेवसुद्धा माझ्या ताटातून गेली! मी म्हटलं, "बाबा, अजून ठरलेलं नाही." ते एकदम चिडले. "ठरायचं काय त्यात? तुझ्या काकाच्या वेळीही बघू बघू म्हणत राहिलो." काका वेगळ्या कॅन्सरने गेले होते. पण बाबांच्या मनात सगळे कॅन्सर एकच होते. मी गप्प बसले.

शेवटी मामेभावाच्या ओळखीने मुंबईला एका न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांकडे गेलो. बाबांनाही मुद्दाम नेलं. बाहेर कोल्हापूरकडचे एक आजोबा बसले होते. त्यांचा आजार फुप्फुसांत पोचला होता, आणि ते तिसऱ्या डोसला आले होते. म्हणाले, "पोरी, माझं तर ह्याच गोळीवर चाललंय."

आत डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "गोळी कशासाठी घ्यायची?" मग समजावलं. कारणं तीन असतात. उरलेला थायरॉइडचा भाग नष्ट करणं, न दिसणाऱ्या पेशी असाव्यात अशा संशयावरून देणं, आणि दिसणारा आजार मारणं. बाहेरच्या आजोबांचं कारण तिसरं होतं. माझा धोका कमी होता. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शनात दोन मिलिमीटरपेक्षा लहान, पाचपर्यंत ठिपके कमी धोक्यातच धरले आहेत. २०२२ मध्ये फ्रान्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी धोक्याच्या ७७६ रुग्णांत गोळी घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात तीन वर्षांनी म्हणावा असा फरक दिसला नाही. "मात्र त्यात ग्रंथीत ठिपके सापडलेले रुग्ण नव्हते. तुमचा ठिपका मी लपवणार नाही," असंही त्यांनी सांगितलं.

मग थायरोग्लोब्युलिनची रक्ततपासणी झाली. थायरॉइड काढल्यावर हे प्रथिन जवळजवळ शून्यावर यायला हवं. माझं ०.२ आलं, अँटिबॉडीज नव्हत्या, सोनोग्राफी स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "थांबणं म्हणजे सोडून देणं नव्हे. दर सहा महिन्यांनी तपासू. आकडा चढला तर गोळी तेव्हाही देता येईल."

परतीच्या गाडीत बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. रतलाम गेल्यावर म्हणाले, "तारखा मला लिहून दे. एकही चुकवायची नाही." मी रडले. त्यांनी नुसता पाठीवरून हात फिरवला.

आता वर्ष होत आलं. दोन तपासण्या चांगल्या आल्या. प्रत्येक रिपोर्टच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, हेही खरंच. उद्या गोळी घ्यावी लागली तर घेईन. तेव्हा ती कशासाठी घेतेय, हे मला ठाऊक असेल.

मी डॉक्टर नाही. माझा निर्णय तुमचा होऊ शकत नाही. पण आपल्या घरात कुणावर अशी वेळ आली तर तीन गोष्टी जरूर विचारा: धोका कमी, मध्यम की जास्त? थायरोग्लोब्युलिन किती? आणि ही गोळी नेमकी कशासाठी?

ते सैंधव मीठ? एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत संपलं. नवीन पाकीट बाबांनी आणलेलं नाही.