पत्ता बरोबर, बिऱ्हाड वेगळं

दुसऱ्याचं वाचण्यात जी गोडी आहे ती स्वतःचं वाचण्यात नाही. लोकलमध्ये स्वतःचा पेपर घडी करून काखेत ठेवायचा, शेजारच्याच्या पेपरातली बातमी मान तिरकी करून वाचायची आणि तो पान उलटायला लागला की "एक मिनिट हं" असं त्यालाच बजावायचं, हा आपला जुना परिपाठ. पोस्टकार्डाच्या काळात तर ज्याचं पत्र त्याच्या हातात पडेपर्यंत निम्म्या वाड्याला ते पाठ झालेलं असे. तेव्हा एका प्रोग्रॅमला दुसऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीत डोकवावंसं वाटतं, हे ऐकून मला काही नवल वाटलं नाही. प्रोग्रॅम लिहितात ती शेवटी माणसंच.

हा विषय आमच्या घरात आणला तो भाच्याने. चिरंजीव इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. संगणकावरच्या एका खेळात आपल्याकडे नाणी किती उरली, हा आकडा त्याला खेळाच्या बाहेर बसून, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने वाचायचा होता. खेळात तो आकडा वरच्या कोपऱ्यात चांगला ठळक दिसत होता. पण समोरून दिसणारी गोष्ट मागच्या दाराने जाऊन पाहणं, यालाच उच्च शिक्षण म्हणतात.

त्याने मला आधी पॉइंटर समजावून सांगितला. मेमरी म्हणजे नंबर घातलेल्या कप्प्यांची लांबच लांब रांग. बहुतेक कप्प्यांत माल असतो, पण काही कप्प्यांत मालाऐवजी दुसऱ्या कप्प्याचा नंबर लिहून ठेवलेला असतो. तो पॉइंटर. म्हणजे लॉकर उघडावा आणि आत दागिन्यांऐवजी 'दागिने लॉकर नंबर २१२ मध्ये' अशी चिठ्ठी निघावी, तसं. डेनिस रिची नावाच्या गृहस्थांनी १९७२ च्या सुमारास 'सी' ही भाषा तयार केली, तिचा सगळा संसार या चिठ्ठ्यांवर चालतो.

खेळाला हात लावण्याआधी भाच्याने रंगीत तालीम केली. दोन छोटे प्रोग्रॅम लिहिले. पहिल्यात ४२ हा आकडा ठेवला आणि तो ज्या कप्प्यात आहे त्याचा पत्ता पडद्यावर छापून घेतला. पत्ता कसला, आयएफएससी कोडचा थोरला भाऊच तो! मग दुसऱ्या प्रोग्रॅमला तोच पत्ता देऊन सांगितलं, "जा, तिथे काय आहे ते वाचून ये." दुसरा प्रोग्रॅम गेला तो गेलाच. पडद्यावर 'सेगमेंटेशन फॉल्ट' एवढे दोन शब्द उमटले आणि तो जागच्या जागी गतप्राण झाला.

"मामा, पत्ता तर बरोबर आहे! तीनदा ताडून पाहिला."

"कुठल्या शाखेतला?" मी सवयीने विचारलं.

माझ्यासारख्या कॉमर्सवाल्याच्या तोंडून इंजिनिअरला पटेल असं वाक्य निघण्याचा हा पहिलाच प्रसंग. कोअर बँकिंग येण्याआधी प्रत्येक शाखेची लेजरं वेगळी असत. बचत खातं नंबर १०४७ दादरच्या शाखेत असे आणि पंढरपूरच्या शाखेतही असे. दादरला ते शाळामास्तरांचं असेल, पंढरपूरला बुक्क्याच्या व्यापाऱ्याचं. आणि एखाद्या नव्या शाखेत १०४७ पर्यंत खाती पोचलेलीच नसतील. नंबर तोच, पण शाखा सांगितल्याशिवाय त्याला काडीचा अर्थ नाही.

प्रोग्रॅमांचं हुबेहूब असंच असतं. प्रत्येक प्रोग्रॅमला ऑपरेटिंग सिस्टिम अशी समजूत करून देते की सगळी मेमरी तुझ्या एकट्याच्या मालकीची आहे. प्रत्यक्षात तिने मेमरीचे बारके तुकडे पाडलेले असतात, बऱ्याच संगणकांवर चार-चार केबीचे. कुणाचं कुठलं पान खरोखर कुठल्या तुकड्यावर आहे याचं प्रत्येकासाठी वेगळं रजिस्टर असतं. प्रोग्रॅमने पत्ता उच्चारला की प्रोसेसर त्याच प्रोग्रॅमच्या रजिस्टरात बघतो. भाच्याच्या दुसऱ्या प्रोग्रॅमने जो पत्ता उच्चारला, त्याच्या पुढे त्याच्या रजिस्टरात काहीच लिहिलेलं नव्हतं. 'असं खातं आमच्याकडे नाही' म्हणून त्याला बाहेर काढण्यात आलं. काही लिहिलेलं असतं तरी ते त्याचं स्वतःचंच असतं, शेजाऱ्याचं नव्हे. ही आभासी मेमरीची युक्ती मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस या संगणकावर १९६२ सालीच चालू झाली होती.

आमच्या पिढीने पाहिलेल्या डॉसच्या काळात मात्र हे सोवळं नव्हतं. तिथे सहाशेचाळीस केबीचा एकच वाडा आणि दारांना कड्याच नाहीत. कुणीही उठावं, कुणाच्याही स्वयंपाकघरात जावं, भांड्यावरचं झाकण काढून बघावं. बघणं एकवेळ परवडलं, पण जाता जाता आमटीत मीठही टाकता येई. मग एका प्रोग्रॅमच्या वेंधळेपणाने सगळा संगणक बसायचा आणि आपण तो बंद करून पुन्हा चालू करायचा. भिंती आल्या त्या मुख्यतः यासाठी.

भिंत म्हटली की खिडकी आलीच. दुसऱ्याची मेमरी वाचायचा राजमार्ग आहे, पण तो पॉइंटरमधून जात नाही, काउंटरवरून जातो. विंडोजमध्ये त्या काउंटरचं नाव 'रीड प्रोसेस मेमरी'. लिनक्समध्येही असे दोन-तीन काउंटर आहेत. तिथे रीतसर स्लिप भरायची: कुठला प्रोग्रॅम, कुठला पत्ता, किती बाइट. मग ऑपरेटिंग सिस्टिम चष्म्यावरून बघून विचारते, "आपण कोण?" त्या प्रोग्रॅमवर तुमचा अधिकार असला तर मजकुराची नक्कल मिळते. काही ठिकाणी तर प्रोग्रॅम तुमचाच असला तरी वरच्या साहेबाची, म्हणजे प्रशासकाची, सही लागते. प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारा डीबगर याच खिडकीवर उभा असतो.

भाच्याने स्लिप भरली आणि नाण्यांचा आकडा त्याला मिळाला. आनंद एक संध्याकाळ टिकला. खेळ बंद करून पुन्हा सुरू केला तर पत्ता बदललेला! हल्ली ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅमला दर वेळी मुद्दाम नव्या जागी बिऱ्हाड थाटायला लावते, चोराला जागा पाठ होऊ नये म्हणून. मग इमारतीचं दार या खेपेला कुठे आहे ते विचारायचं, दारापासून ठरलेली पावलं मोजायची, तिथे एक पत्ता सापडतो, त्या पत्त्यावर दुसरा पत्ता, आणि तिथून तिसरा. तीन नंबरच्या खिडकीने सातकडे पाठवावं आणि सातने वरच्या मजल्यावर, हे आपल्याला नवीन नाही. भाच्याला नवीन होतं. आणि शेवटी हाती लागतात ते नुसते बाइट. वर रकान्यांची नावं नाहीत. ६५ म्हणजे पासष्ट नाणी, की इंग्रजीतलं 'ए' हे अक्षर, की आणखी एका पत्त्याचा तुकडा, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं. जमा-नावे न लिहिलेलं लेजर ज्याने पाहिलंय त्याला ही यातना कळेल.

इथवर सगळी गंमत आहे. पण ज्या खिडकीतून नाणी दिसतात तिच्यातूनच पासवर्डही दिसू शकतो. तुम्ही तो टाइप केलात की निदान काही क्षण तो मेमरीत असतोच. म्हणून सगळा भरवसा त्या "आपण कोण?" वर.

आणि हा भरवसा एकदा चांगलाच हलला. जानेवारी २०१८ मध्ये 'मेल्टडाउन' नावाचं प्रकरण जाहीर झालं. दोष होता प्रोसेसरच्या उत्साहात. समजा, आमच्याकडे एक फार चपळ कारकून आहे. कुणी परक्या खात्याची शिल्लक विचारली, तर साहेब परवानगी तपासताहेत तेवढ्यात हा ती शिल्लक बघून ठेवतो. एवढ्यावर न थांबता, शेवटचा आकडा सात असला तर 'पुढे लागेल' म्हणून सात नंबरचं लेजर कपाटातून टेबलावर आणतो. साहेब परवानगी नाकारतात. कारकून तोंडातून अक्षर काढत नाही, पण लेजर टेबलावरच राहतं. विचारणारा पाजी असतो. तो शून्यापासून नऊपर्यंतची लेजरं एकेक करून मागतो आणि घड्याळ बघतो. नऊ लेजरांना वेळ लागतो, सातवं मात्र चटकन समोर येतं. कुणी काही बोललं नाही, कुणी काही दाखवलं नाही, आणि आकडा बाहेर पडला! यावर उपाय म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमने आपल्या खास कपाटाची नोंदच सामान्य प्रोग्रॅमांच्या रजिस्टरातून जवळजवळ काढून टाकली. काही कामं त्यामुळे मंदावली. सुरक्षिततेला रांग लागतेच, हे आम्ही काउंटरवरून केव्हापासून सांगतोय, पण आमचं ऐकतो कोण?

आमच्या धंद्यात हा प्रश्न फार जुना आहे. बँकिंगच्या परीक्षेला १९२४ चा टूर्निए खटला असतो. इंग्लंडातल्या या टूर्निएवर बँकेची थोडी बाकी होती. मॅनेजरने त्याच्या मालकाला फोन केला, आणि गंमत बघा, फोन केला तो त्याचा पत्ता विचारायला! बोलता बोलता बाकीची गोष्ट निघाली, पैसे घोड्यांच्या बुकीकडे जात असावेत हेही निघालं, आणि टूर्निएची नोकरी गेली. अपील न्यायालयाने सांगितलं की ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणं हा बँकेने केलेल्या कराराचाच भाग आहे. अपवाद चार: कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचं स्वतःचं हित आणि ग्राहकाची संमती. चौकसपणा हा पाचवा अपवाद कुठल्याच आवृत्तीत सापडत नाही.

कोअर बँकिंगनंतर दादर आणि पंढरपूर एकाच यंत्रावर आले. माझ्या टेबलावरून कितीतरी खाती चार कळा दाबल्या की उघडतात. कोणी कुठलं उघडलं याची नोंद राहते, ते ठीक. पण आमच्या सोसायटीला नोंदीची पर्वा नाही. गणपतीच्या वर्गणीची बैठक संपली की एक सद्गृहस्थ मला हमखास जिन्यात गाठतात आणि आवाज उतरवून विचारतात, "तिसऱ्या मजल्यावरचे पाचशेच देतात हो. त्यांची एफडी केवढी आहे, तुम्हाला दिसत असेल ना?"

दिसत असेल. पण मी हल्ली चेहरा शक्य तितका मख्ख करतो, "सेगमेंटेशन फॉल्ट" एवढंच म्हणतो आणि जिना चढायला लागतो. गृहस्थांना वाटतं ती बँकेची नवी ठेव योजना आहे. व्याज किती, हे विचारायला ते आता शाखेत येणार आहेत.