कोणतं ॲप घेऊ, दादा?

माझा आतेभाऊ काचिगुड्याहून जर्सी सिटीला एमएस करायला आला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये. त्याच महिन्यात, २२ तारखेला, भारतात पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. आपल्या तेलंगणात तर अशी बंदी २०१७ पासूनच होती. पोरगा इथं उतरला आणि बघतो तर पाथच्या स्टेशनात, बसच्या पाठीवर, टीव्हीवर दर पाच मिनिटांनी स्पोर्ट्सबुकची जाहिरात. महिनाभर गप्प होता. मग आशिया कपची फायनल भारत-पाकिस्तान ठरली तेव्हा मेसेज आला, "दादा, इथं लीगल आहे म्हणे. कोणतं ॲप घेऊ?"

"कोणतंच नको" असं लिहून मोकळं होता आलं असतं. आत्यानं विमानतळावरून फोन करून "तुझ्या भरवशावर पाठवलाय रे त्याला" असं सांगितलं होतं, आणि त्याच्या खात्यात पुढच्या सेमिस्टरची फी पडून होती. ती बँकेच्या कर्जाची, आतोबांच्या सहीची. पण वय वर्षं तेवीस. मी नको म्हटलं असतं तर त्यानं गूगलला विचारलं असतं, आणि तिथं परदेशात बसलेल्या, कुणाचंच लायसन्स नसलेल्या साइटी हसतमुखानं हजर असतात. म्हणून मी त्याला म्हटलं, रविवारी घरी ये, सामना सोबत बघू, तोवर काही डाउनलोड करू नकोस.

आधी हे "लीगल" म्हणजे काय ते. अमेरिकेत १९९२ च्या एका केंद्रीय कायद्यानं नेवाडा आणि मोजकी राज्यं सोडून बाकीच्यांना खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी द्यायला मनाई होती. न्यू जर्सीनं २०११ साली मतदारांना विचारलं, ते हो म्हणाले, राज्यानं कायदा केला, आणि सगळ्या मोठ्या लीग कोर्टात गेल्या. १४ मे २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या बाजूनं निकाल दिला. बरोबर महिन्यानं, १४ जूनला, मॉनमाउथ पार्कच्या रेसकोर्सवर खुद्द गव्हर्नर मर्फींनी पहिल्या पैजा लावल्या. तेव्हापासून ज्याचं त्याचं राज्य ठरवतं. न्यूयॉर्कनं मोबाइलवर परवानगी दिली ती जानेवारी २०२२ मध्ये, तोवर मॅनहॅटनचे लोक पैज लावायला नदी ओलांडून आमच्याकडे यायचे. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात अजून परवानगी नाही. म्हणजे "अमेरिकेत लीगल आहे" हे वाक्यच चूक. न्यू जर्सीत लीगल आहे, एकवीस पूर्ण झालेल्याला, आणि राज्याच्या हद्दीत उभं असताना. आणि इथंसुद्धा न्यू जर्सीच्या कॉलेज संघांवर पैज लावता येत नाही.

लायसन्स तपासायचं कसं? जाहिरात मोठी म्हणून नव्हे. इथली प्रत्येक ऑनलाइन कंपनी अटलांटिक सिटीच्या एखाद्या कसिनोच्या किंवा रेसकोर्सच्या परवान्याखाली चालते, आणि डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंट हा सरकारी विभाग मान्य साइटींची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवतो. ॲपवरून यादीकडे जाऊ नये, यादीवरून ॲपकडे यावं. पानाच्या तळाशी विभागाचं चिन्ह असतं, पण चित्र काय, कुणीही चिकटवतं. परवानाधारकाला खेळणाऱ्यांचे पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि पैसे अडकले तर तक्रार करायला एक ऑफिस असतं. परदेशी साइटीवर जिंकलेले दोनशे डॉलर मिळाले नाहीत तर आपण कुणाच्या दारात जाणार?

माझ्यातल्या इंजिनियरला आवडलेला भाग म्हणजे जागा ओळखण्याची यंत्रणा. १९६१ चा एक केंद्रीय कायदा राज्याबाहेर तारेवरून पैज पाठवायला मनाई करतो, त्यामुळे तुम्ही कुठे उभे आहात हे ॲपला खात्रीनं कळावं लागतं. नुसता आयपी पत्ता चालत नाही. जीपीएस, आजूबाजूची वायफाय, मोबाइलचे टॉवर, सगळं जुळवून पाहतात. फोनवर दुसऱ्या मशीनचा ताबा घेणारं सॉफ्टवेअर चालू असेल, व्हीपीएन असेल, तर दार बंद. ज्या ॲपला तुमच्या जागेशी काही देणंघेणं नाही, जे हैदराबादेतूनही उघडतं आणि होबोकेनमधूनही, ते लायसन्सचं नाही. ही एक खूण मला सगळ्या चिन्हांपेक्षा भरवशाची वाटते.

रविवारी सकाळी साडेदहाला सामना सुरू झाला. तो साडेनऊलाच एडिसनला आला, बायकोनं उपमा केला होता. मी त्याला माझ्या फोनवर दोन मान्य ॲप शेजारी शेजारी दाखवली. मी स्वतः वर्षातून दोन-तीनदा वीस डॉलर लावतो, हे त्याला माहीत नव्हतं. जरा चमकलाच.

भाव वाचायला शिकवणं सोपं होतं, गणितात तो माझ्यापेक्षा बरा आहे. इथं बरोबरीच्या पैजेपुढे सहसा उणे ११० लिहिलेलं असतं. शंभर जिंकायला एकशे दहा लावा. दोन्ही बाजूंना तोच भाव. म्हणजे नाणं उडवल्यासारखी पन्नास टक्के जिंकलात तरी तोटाच, टिकून राहायला ५२.४ टक्के जिंकावं लागतं. तीच पैज दुसऱ्या ॲपवर उणे १०५ ला असेल तर ५१.२ पुरतात. कोणतं ॲप चांगलं, याचं निम्मं उत्तर इथंच आहे: ज्या खेळावर तू पैसे लावणार त्याचा भाव कुठे बरा मिळतो. रंगीत बटणं आणि वापरायला सोपं वगैरे नंतर.

मग पार्ले. तीन-चार पैजा एकत्र बांधायच्या, सगळ्या लागल्या तर मोठी रक्कम. जाहिराती सगळ्या याच्याच असतात, आणि कारण उघड आहे. उणे ११० च्या दोन पैजा बांधल्या की कंपनीचा वाटा जवळपास ९ टक्के होतो, तीन बांधल्या की १३, चार बांधल्या की १७. मी हे सांगायच्या आत त्यानंच कागदावर मांडून काढलं आणि म्हणाला, "हे तर लॉटरीचं तिकीट झालं." झालंच.

बोनसचंही असंच. "शंभर डॉलर बोनस" मिळाला की शंभर डॉलर मिळाले असं वाटतं. पण ती बोनस पैज असते. जिंकलात तर नफा तुमचा, मूळ शंभर परत येत नाहीत. उणे ११० वर लावली आणि लागली तर हाती ९०.९१. लागलीच नाही तर शून्य. पूर्वी याला "बिनधोक" म्हणायचे, काही राज्यांनी तो शब्दच वापरायला बंदी केली. मुदत किती दिवसांची आणि पैसे काढण्याआधी किती वेळा फिरवायचे, हे बारीक अक्षरात असतं. तिथं जे ॲप सरळ बोलतं ते निवडावं.

तेवढ्यात भारताचे २० धावांत तीन गडी गेले. हा माझा फोन उचलून भारताचा भाव बघायला लागला. आकडा दर चेंडूला हलत होता, मध्येच पैज बंद, पुन्हा चालू. "दादा, आत्ता लावले तर किती मिळतील बघ!" त्याचा आवाज बदलला होता. मी कोड लिहितो, म्हणून सांगतो: तो पडदा कुणीतरी खूप विचार करून बांधलेला असतो, आणि तो विचार तुमच्या भल्याचा नसतो. मी फोन परत घेतला. तिलक वर्मानं, आपल्या हैदराबादच्या पोरानं, नाबाद ६९ काढून सामना जिंकून दिला. त्यावर आतेभावाचं म्हणणं असं की मी त्याचं नुकसान केलं. हे चांगलंच झालं म्हणा, कारण पुढचं संभाषण त्यामुळे गंभीर झालं.

पुढचं म्हणजे टॅक्स. हे भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्सच्या हिशेबात अनिवासी असतो. अनिवासी माणसाच्या सट्ट्यातल्या जिंकण्यावर सरसकट ३० टक्के केंद्रीय कर लागतो आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. काही देशांना करारानं सूट आहे, भारताला नाही. मी त्याला हिशेब मांडायला सांगितला. वीस वेगवेगळ्या दिवशी एकशे दहा डॉलरच्या वीस पैजा. त्यातल्या अकरा जिंकल्या, नऊ हरल्या. म्हणजे ५५ टक्के, भलेभले जमवू शकत नाहीत इतकं. जिंकले ११००, हरले ९९०, खिशात ११० नफा. आता कर ११०० वर, ३३०. नफा गेलाच, वर २२० चा खड्डा. अनिवासी माणसाला नुसतं बरोबरीत राहायला ६१ टक्के पैजा जिंकाव्या लागतात, आणि तेवढ्या सतत जिंकणारा माणूस मी पाहिलेला नाही. शिवाय असा जिंकणारा दिसला की कंपन्याच त्याची पैजेची मर्यादा खाली आणतात.

"आणि नाही दाखवलं रिटर्नमध्ये तर?" त्यानं विचारलं. तेवीस वर्षांचा मुलगा हे विचारणारच. मी म्हटलं, खातं उघडताना तू नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर देणार आहेस. प्रत्येक पैजेची नोंद तिथं आहे. उद्या नोकरी, एच-१बी, पुढे ग्रीन कार्ड, प्रत्येक पायरीला टॅक्सचे कागद निघतात. वीस डॉलरसाठी तिथं डाग कशाला? (मलाही हे सोपं नाही. निवासी माणूस हरलेले पैसे वजा करू शकतो, पण सगळे खर्च तपशीलवार दाखवले तरच, आणि २०२५ च्या कायद्यानं २०२६ पासून तेही नव्वद टक्केच.)

माझी अपेक्षा होती की इतकं झाल्यावर तो नाद सोडेल. सोडला नाही. दोन आठवड्यांनी त्यानं एक ॲप घेतलं. पण घेताना ज्या क्रमानं घेतलं ते मला आवडलं. आधी सरकारी यादी. मग दुसऱ्या बँकेत वेगळं खातं, फीचं खातं ॲपला जोडलंच नाही. क्रेडिट कार्ड नाही. आणि पहिला डॉलर भरायच्या आधी महिन्याची मर्यादा: पंचवीस. न्यू जर्सीच्या नियमांत या मर्यादेची रचना फार शहाणी आहे. कमी केली तर लगेच लागू होते. वाढवायची असेल तर आधीची मुदत संपावी लागते आणि मग पुन्हा होकार द्यावा लागतो. रात्री दोन वाजता हरलेला माणूस ती वाढवू शकत नाही. किमान ७२ तासांसाठी खातं थंड ठेवता येतं, आणि स्वतःचं नाव राज्याच्या बंदी यादीत एक किंवा पाच वर्षांसाठी घालता येतं. मग राज्यातलं कोणतंच मान्य ॲप दार उघडत नाही. १-८००-गॅम्बलर हा मदतीचा नंबर त्यानं हसत हसत, पण फोनमध्ये जपून ठेवला. मी घातलेली अट एकच होती, आत्याला सांगायचं.

ते त्याला सगळ्यात जड गेलं. शेवटी व्हिडिओ कॉलवर मी शेजारी बसलो. त्यानं लायसन्स, मर्यादा, सरकारी विभाग, सगळं नीट समजावलं. आत्या शेंगा सोलत ऐकत होती. मग म्हणाली, "मलकपेटच्या रेसला पण लायसनच होतं. समोरच्या बिऱ्हाडातली स्कूटर त्या लायसनमध्येच गेली." यावर आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "फीचं खातं वेगळं आहे ना?" तो हो म्हणाला. "दर महिन्याला त्याचा फोटो पाठव." आता तो पाठवतो. फॅमिली ग्रुपवर नव्हे, आईला एकटीला.

सुट्टीत तो काचिगुड्याला येणार आहे. ॲप तिथं उघडणार नाही, ते ठीकच. मला काळजी आहे ती जुन्या मित्रांच्या ग्रुपची. भारतात बंदी आली म्हणून सट्टा गेला नाही, तो व्हॉट्सॲपवरच्या "आयडी" मध्ये गेला. कुणीतरी ओळखीचा एजंट, यूपीआयनं पैसे, ना यादी, ना मर्यादा, ना तक्रारीचं ऑफिस. महादेव ॲपवर सरकारनं २०२३ साली बंदी घातली, पण नाव बदलून तसली दुकानं चालूच राहतात. इथं शिस्तीत महिन्याला पंचवीस डॉलर लावणाऱ्या पोराला "हे पण तसंच आहे" वाटणं सहज शक्य आहे. तो निघायच्या आधी एकदा घरी जेवायला बोलावलंय. बायको म्हणते, या वेळी उपम्यावर भागवायचं नाही, पुरणपोळी कर म्हणून सांगितलंय त्यानं.