नव्वद सेकंद थांबा

आमच्या घरच्यांचा माझ्या नोकरीबद्दल एकच समज आहे: कॉम्प्युटर बंद पडला की हा जाऊन चालू करतो. तसं ते खोटं नाही म्हणा. पण फाइल सर्व्हर चालू झाल्यावरची जी पहिली दीड मिनिटं असतात ना, त्यांचाच मी पगार घेतो असं हल्ली वाटायला लागलंय.

आमचा सर्व्हर एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीवर चालतो. त्यात फाइलला लावलेलं कुलूप कायमचं नसतं, मुदतीचं असतं. या मुदतीला म्हणतात लीज. लिनक्सवर ती मुळात ९० सेकंदांची. कुलूप लावणाऱ्या मशीनने मुदत संपायच्या आत "मी आहे अजून" असं कळवत राहायचं. गप्प झालं, तर सर्व्हर ते कुलूप दुसऱ्याला देऊ शकतो. (फाइल सर्व्हरसाठी ही कल्पना ग्रे आणि चेरिटन यांनी १९८९ साली मांडली.) घरभाड्याचा अकरा महिन्यांचा करार असतो, तसंच, फक्त दीड मिनिटाचा.

आता सर्व्हरच बसला आणि पुन्हा उठला तर? कुठलं कुलूप कोणाचं हे तो विसरलेला असतो. डिस्कवर नोंद असते ती एवढीच, की अमुक अमुक मशीन्स आपल्याकडे होती. मावशी, तुला एसटीचं उदाहरण देतो. गाडी घाटात बंद पडते, मागून दुसरी येते. कंडक्टर दारात उभा राहून ओरडतो, "आधी बंद गाडीतले! बाकीचे खाली थांबा!" तो ओरडतो तेवढा वेळ म्हणजे ग्रेस पीरियड. या काळात जुन्यांनी आपापलं कुलूप परत मागायचं. नवीन कुलूप कोणालाच नाही.

आणि नेमके तेव्हाच मला फोन येतात. "सर्व्हर चालू झालाय म्हणता, मग फाइल का उघडत नाही?" मागे एका साहेबांनी सुचवलंही, की ते नव्वद सेकंद दहावर आणून टाक. आकडा बदलायला खरंच वेळ लागत नाही. पण जुन्या मशीनला सर्व्हर मध्ये पडून उठला हे कळतं कधी? पुढच्या वेळी मुदत वाढवायला येईल तेव्हा. दहा सेकंदांत दार उघडलं तर तोवर त्याची जागा गेलेली. रात्रभर हिशेब करत बसलेल्या प्रोग्रॅमची फाइल भलत्याच्याच हातात. त्याच्या मालकाचा फोन मला येणार सकाळी, तोही आला तर.

मग लीजच कमी करू? करता येते. पण मग नेटवर्कला जरा उचकी लागली, की धडधाकट मशीन्सचीही कुलुपं जाणार. लिनक्स ५.१९ पासून (२०२२) सर्व्हर थोडा सभ्य झालाय. मुदत टळली तरी दुसरा कोणी मागेपर्यंत कुलूप लगेच काढत नाही. पण त्या भरवशावर आकडे कमी करणं मला पटत नाही.

त्याऐवजी मी सगळ्यांना ४.१ वर नेलं. त्यात प्रत्येक मशीन "माझं परत घेऊन झालं" असं सांगतं, आणि यादीतले सगळे आले की सर्व्हर वेळेआधीच दार उघडतो. बहुतेक वेळा काही सेकंदांत काम होतं.

फक्त कोणीतरी एक जण ऐन रीस्टार्टच्या आधी लॅपटॉपचं झाकण मिटून चहाला गेलेला असतो. मग सगळं ऑफिस त्याच्यासाठी पूर्ण नव्वद सेकंद थांबतं. हाताने ग्रेस संपवायची सोय आहे, पण मी ती वापरत नाही. फोन वाजू देतो.