भरतीची वेळ आणि एकटी गाडी

चि. बाळास,

पुण्याहून पहाटे निघायचे, दापोलीकडच्या एखाद्या लांब पुळणीवर गाडी उतरवायची, दिवसभर एकट्याने फिरायचे आणि रात्री घर गाठायचे, हा तुझा बेत ताईकडून कळला. वाळूत गाडी घालूच नकोस, असे सांगायला हे पत्र लिहीत नाही. माझा आक्षेप त्यातल्या एकाच शब्दावर आहे: ‘एकट्याने’. घाटात किंवा माळावरच्या कच्च्या रस्त्यावर एकट्याने गाडी नेणे धोक्याचे असेल, पण जमते. गाडी अडली तर तिथे थांबून राहता येते. पुळणीवर थांबायची सोय नसते, कारण तिथली जमीन दिवसातून दोनदा समुद्र परत मागून घेतो.

आधी वाळूचे बघ. पाण्यालगतची वाळू चिंब असते. चाकाचा दाब आला की तिच्यातले पाणी कणांना एकमेकांवर टेकू देत नाही आणि चाक खाली जाते. वरची, सुरूच्या बनाजवळची वाळू कोरडी, भुसभुशीत, तीही चाक धरत नाही. या दोन्हींच्या मध्ये ओलसर वाळूचा जो पट्टा असतो, तेवढाच गाडीचा रस्ता. कणांमधले थोडेसे पाणी त्यांना एकत्र चिकटवून ठेवते, म्हणून तो घट्ट लागतो. पण हा पट्टा भरती-ओहोटीबरोबर सरकतो, आणि त्याचे वेळापत्रक घरातल्या कॅलेंडरवर असते. कोकणातला जुना हिशोब तुला ठाऊक असेल: तिथीचा पाऊणपट काढला की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाचे पाऊण म्हणजे सहा, तेव्हा भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराला. पौर्णिमेला पंधराचे पाऊण सव्वाअकरा, म्हणजे ऐन दुपारी भरती, तीही उधाणाची. पहाटे पुण्याहून निघालेला माणूस त्या दिवशी पोचतो तो नेमका पाणी सुरूच्या बुंध्याजवळ आलेले असताना. मग तो जेवतो, वाट बघतो, तीन वाजता पुळण उघडी पडायला लागते आणि पाच-साडेपाचला ती इतकी रुंद होते की मोह आवरत नाही. फसगत इथेच होते. त्या वेळी गाडी रुतली तर पुढे अंधार आहे आणि उधाणाचे पाणी परत फिरले आहे. सहा तासांच्या भरतीत निम्मे पाणी मधल्या दोन तासांतच चढते. दोन मीटरची भरती धरली, तर त्या दोन तासांत एक मीटर. पन्नासाला एक अशा उताराच्या पुळणीवर त्याचा अर्थ काठ पन्नास मीटर आत सरकला. पहिल्या तासात पाणी जेमतेम हलते, म्हणून ‘अजून वेळ आहे’ असे वाटत राहते.

तू म्हणशील, गाडी फोर-बाय-फोर आहे, हवा कमी करणार आहे, सामान घेतले आहे. हवा कमी करणे शंभर टक्के योग्य. बत्तीस-पस्तीसवरून सोळा-अठरावर आणली की टायर लांबट पसरतो आणि वजन जास्त जागेवर वाटले जाते. त्याने रुतण्याची शक्यता घटते, नाहीशी होत नाही. एकदा चाक जागच्या जागी फिरून गाडीचे पोट वाळूवर टेकले की चारही चाकांना जोर असून उपयोग शून्य. विंच आहे, हे उत्तर तर मला गमतीचेच वाटते. विंचला बांधायला काहीतरी लागते. सुरूचे झाड शंभर मीटरवर आणि दोर पंचवीस-तीस मीटरचा! स्टेपनी पुरून तिला दोर बांधता येतो हे खरे, पण तो खड्डा एकट्याने फावड्याने खणायचा, आणि तो खणत असताना प्रत्येक लाट टायरभोवतीची वाळू काढून नेत असते. दुसरी गाडी सोबत असेल तर पट्टा अडकवून हेच काम बहुधा काही मिनिटांत उरकते. राहिला मोबाइल. फोन लागला तरी तो कुणाला करणार? गावातल्या ट्रॅक्टरवाल्यालाच. म्हणजे एकट्याने फिरायचे ठरवून तू एका अनोळखी माणसाला, न विचारता, सोबतीला धरलेच की. त्याने आपला ट्रॅक्टर खाऱ्या पाण्यात घालायचा, तेही रात्री.

त्या किनाऱ्यावर पोट असलेली माणसे वाळूवर काय करतात ते पाहा. हर्णैला होड्यांतून मासळी काठावर येते ती बैलगाड्यांतून, आणि लिलावही वाळूवरच. तिथे एक गाडी अडली तर खांदा लावायला दहा जण उभे असतात. खाली सिंधुदुर्गात रापणीचे जाळे ओढतात ते दोन टोकांना दोन रांगा लावून. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर काढलेल्या लोकांनी पुळणीवरचे जड काम एकट्याने करण्याची रीत पाडलीच नाही.

परदेशात लोक जातातच की, असेही म्हटले जाते. ऑस्ट्रेलियातले क्गारी, म्हणजे पूर्वीचे फ्रेझर बेट, हे ठरलेले उदाहरण. पण तिथल्या पूर्वेच्या पुळणीला रस्त्याचा दर्जा आहे, ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे, परवाना लागतो, आणि भरतीच्या आधीचे व नंतरचे दोन-दोन तास गाडी काढू नका असे बजावले जाते. शिवाय दिवसा गाड्यांची ये-जा असते. तिथला एकटा हा वाहत्या रस्त्यावरचा एकटा. आपल्याकडे केरळात कण्णूरजवळ मुळप्पिलंगाडला सुमारे चार किलोमीटरची पुळण गाड्यांसाठीच ओळखली जाते. हौसच भागवायची तर तिकडे जा.

‘बुडाली तर माझी गाडी बुडेल, इतरांचे काय जाते?’ हा मुद्दा मात्र मला मुळीच पटत नाही. नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे तुझ्या सहलीच्या मोसमातच, वेळास, केळशी, आंजर्ल्याच्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री चढते आणि भरतीच्या रेषेच्या वर हात-दीड हात खोल खड्ड्यात शंभरेक अंडी घालते. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून कासवांचे संवर्धन उभे केले. अंडी सुरक्षित कुंपणात हलवतात, म्हणून गाडीने काय बिघडते, असे वाटेल. पण घरटे सापडते ते मादीच्या वाळूतल्या मागावरून, पहाटे पायी फिरून. त्या मागावर टायरचे दोन चर उमटले की घरटे हरवले. आणि रुतायच्या भीतीने गाडी पाण्यापासून दूर घ्यावी, तर ती नेमकी अंड्यांच्या पट्ट्यात जाते.

एकांत हवा असेल, तर ती गरज मी खोटी मानत नाही. तो चालत मिळतो. गाडी सुरूच्या बनाअलीकडे, गावाने ठरवलेल्या जागी लाव आणि टोकाच्या खडकापर्यंत पायी जा. पायी चालणाऱ्या माणसाला भरतीने गाठले तर तो दहा पावले वर सरकतो. गाडीच न्यायची असेल, तर ग्रामपंचायतीत आधी विचार. नाही म्हणाले तर विषय संपला. हो म्हणाले तर अष्टमीजवळचा शनिवार बघ, दुसरी गाडी असलेला मित्र गाठ, आणि तिथी ठरली की मला कळव.

तुझा,
मामा