मळे बरुत्ता? अर्थात सर्जापूर रोडवरचा पाऊस

दुपारी तीनपर्यंत लख्ख ऊन असते. चारच्या सुमारास वारा सुटतो, आभाळ काळवंडते आणि बंगळूरच्या सर्जापूर रोडवरील दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खाण्याच्या छोट्या उपाहारगृहात, एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : ‘मळे बरुत्ता?’

महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या माणसाला वाटते, गोष्टी मळ्यांच्या चालल्या आहेत. पण कन्नडमध्ये ‘मळे’ म्हणजे पाऊस. ‘पाऊस येणार का?’ एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. गंमत अशी, की मराठी अर्थही इथे अगदीच चुकीचा नाही. कोरमंगलापासून सर्जापूर गावापर्यंत वीसेक किलोमीटर जाणाऱ्या या रस्त्याच्या दुतर्फा एके काळी नाचणीची शेते आणि भाजीचे मळेच होते. आता तिथे संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या आणि उंच इमारती आहेत. दोड्डकन्नेल्ली, कसवनहळ्ळी, कैकोंद्रहळ्ळी ही गावे मात्र नावांतून टिकून आहेत.

छत्री माळ्यावर टाकू नका

आपल्याकडे दसरा आला की छत्री माळ्यावर जाते. इथे ती चूक महागात पडते. बंगळूरला पाऊस दोनदा भेटतो. जूनपासून नैऋत्य मोसमी वारे येतात आणि ते परतू लागले की ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडचे वारे पाऊस आणतात. सर्वांत जास्त पाऊस बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. दिवाळीत आकाशकंदील भिजणे इथल्या मराठी घरांना नवीन नाही. त्याआधी एप्रिल-मेमध्ये आंबेसरी गडगडाट करून जातात, त्या वेगळ्याच. शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर असल्याने पाऊस पडून गेला की हवेत लगेच गारवा येतो आणि गारवा आला की भूक लागते.

बज्जी, बन आणि बाय-टू

कांदाभज्यांची आठवण काढणाऱ्याला इथे मेणसिनकाई बज्जी मिळते. लांब, फारशी तिखट नसलेली मिरची डाळीच्या पिठात बुडवून तळलेली. बेकरीत गेले तर मिरची-कोथिंबीर घातलेला खारा बन आणि हिंग, कढीपत्ता, मिरी लावलेले ‘काँग्रेस कडलेकाई’, म्हणजे सोललेले मसाला शेंगदाणे. सोबतीला फिल्टरची कापी हवीच. पितळी किंवा स्टीलच्या गाळणीतून थेंबथेंब उतरलेला कॉफीचा घट्ट अर्क, त्यात उकळते दूध आणि वर फेस येईपर्यंत पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतणे. एक कापी दोघांत घ्यायची असेल तर ‘बाय-टू’ म्हणायचे. अर्ध्या पेल्याने पोट भरत नाही, पण पाऊस थांबेपर्यंतच्या गप्पा होतात.

पुढचा प्रश्न जेवणाचा. ‘ऊट आय्ता?’, जेवण झाले का? शेजारीण जिन्यात भेटली की हेच विचारते. तिला जेवायला यायचे नसते किंवा वाढायचेही नसते. ‘आय्तु, निम्दु?’, झाले, तुमचे?, एवढे उत्तर पुरते. मग ‘मने’ म्हणजे घर, तिथली मंडळी बरी आहेत ना, अशी चौकशी. पाऊस, जेवण, घर हे तीन विषय झाले की ओळख पक्की. थंडीत पावट्याचा मोसम आला की भिजवून सोललेल्या दाण्यांची ‘हितकिद बेळे’ आमटी शेजारून येते आणि मराठी घरातून वालाचे बिरडे तिकडे जाते. दोन्ही घरांत दाणे सोलण्याचे काम सारखेच किचकट, त्यामुळे कौतुकही मनापासून होते.

गप्पा कामाला आल्या तेव्हा

या गप्पा वरवरच्या वाटतात. त्या तशा नाहीत, हे सप्टेंबर २०२२ मध्ये दिसले. गौरी-गणपतीचे दिवस होते. ४ सप्टेंबरच्या रात्री धो धो पाऊस कोसळला आणि सकाळी या भागातले रस्ते, तळघरे, बैठ्या बंगल्यांच्या वसाहती पाण्यात होत्या. माणसांना ट्रॅक्टर आणि होड्यांतून बाहेर काढावे लागले. वीज गेली, पंप बुडाले, प्यायला पाणी उरले नाही. अशा वेळी दार ठोठवायचे तर कुणाचे? ज्याला रोज ‘ऊट आय्ता?’ विचारले, त्याचे. त्या दिवशी मात्र त्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे लागले.

पाणी आले ते जुन्या वाटेनेच. बंगळूरला मोठी नदी नाही. पूर्वजांनी एकाखाली एक तळी बांधली आणि ती ‘राजकालुवे’ या मोठ्या नाल्यांनी जोडली. कसवनहळ्ळी, कैकोंद्रहळ्ळी, सौळ केरे आणि पुढे बेळ्ळंदूर, वरथूर असा पाण्याचा उतार आहे. नाले अरुंद झाले, खोलगट जागी घरे उभी राहिली. मळे गेले, मळे म्हणजे पाऊस मात्र येतच राहिला. उलट २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या, टँकरची वाट पाहावी लागली. तेव्हा ‘मळे बरुत्ता?’ विचारताना आवाजात काळजी होती.

पाण्याला जागा दिली तर काय होते, हे याच रस्त्यावर पाहायला मिळते. कैकोंद्रहळ्ळीचे मरणपंथाला लागलेले तळे २००९ च्या सुमारास रहिवाशांनी पुढाकार घेऊन महापालिकेच्या मदतीने सावरले. आज सकाळी तिथे पाणकावळे, बगळे आणि फिरायला आलेली आजी-आजोबा मंडळी, सगळेच भेटतात. बाकावर बोलणे कन्नड, तेलुगू, हिंदी, मराठी अशा कोणत्याही भाषेत होवो, सुरुवात पावसापासूनच होते.

कसे जाल?

मुंबईहून उद्यान एक्सप्रेसने बंगळूर गाठावे. पुणे-कोल्हापूर-बेळगाव-हुबळीमार्गे बसनेही जाता येते. शहरातून सर्जापूर रोडकडे बस आहेत. संध्याकाळची रहदारी फार, म्हणून सकाळी निघावे. मोसम कोणताही असो, छत्री बरोबर ठेवावी. आणि कुणी ‘ऊट आय्ता?’ विचारले तर नुसती मान न हलवता ‘निम्दु?’ असे उलट जरूर विचारावे.