भुग्याचा रंग

जालन्यात काँक्रीटला भोक पाडायचं तर गाठ इथल्याच दोन जिनसांशी पडते. खडी काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची, आणि सळई बहुधा एमआयडीसीतल्याच एखाद्या रोलिंग मिलची. पहिलीला फोडायचं आणि दुसरीला चुकवायचं. कोणतं मशीन घ्यावं, हा प्रश्न त्यानंतरचा.

घरोघरी असतं ते इम्पॅक्ट ड्रिल. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरत ठोके देतात. ठोके भरमसाट, पण हलके. विटेत भागतं. बीमवर लावलं की अंगाचा सगळा भार टाकूनही बिटचं टोक तेवढं निळं पडतं. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा ठोका मारते. लहान हॅमरचा एकेक ठोका अडीच-तीन ज्यूलचा. खडी त्यानं फुटते. नवी पोरं हॅमरही रेटत बसतात. "अरे, दाबू नको, नुसता धर. मारायचं काम त्याचं आहे," हे रोज सांगावं लागतं.

माझं लक्ष मात्र बिटपेक्षा भुग्याकडे. प्लास्टर संपून लाल भुगा आला की वीट. पांढरा, मऊ आला की सिपोरेक्सचा हलका ठोकळा. तिथं ठोका बंद करून नुसतं फिरवायचं, नाहीतर भोक सैल होतं आणि प्लग जागच्या जागी फिरतो. करडा आला की काँक्रीट. तो येता येता थांबला, मशीन हातात उडायला लागलं आणि भुग्यात चमकता कीस दिसला, की सळई. खडीवरही बिट अडतं, पण जरा वेळानं पुढं सरकतं. सळईवर सरकत नाही. "लावा ना जोर, भाऊ," गिऱ्हाईक म्हणतं. त्याच्याच घराची सळई कापायचा त्याचाच आग्रह! आयएस 456 या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे घरातल्या स्लॅबला कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) साधारण 20 मिलिमीटर, कॉलमला 40; म्हणजे 50 मिलिमीटर खोल भोकात सळई भेटणारच नाही, असं कुणी सांगू नये. बीमच्या पोटाला, गाळ्याच्या मध्यावर, तर मी हातच लावत नाही. ताण घेणाऱ्या मुख्य सळया तिथंच असतात.

संडासाच्या 110 मिलिमीटर पाइपाला कोअर कटर लागतो. पाणी सोडत हिऱ्याच्या कडेचा नळा फिरवायचा, भोक गुळगुळीत. सगळे त्याची तारीफ करतात; मला त्याचीच धास्ती वाटते. हॅमर सळईवर अडून सांगतो तरी. हा तिलाही मुकाट कापत जातो. आतला दंडगोल हातात घेतला की काळ्या खडीच्या कापांमध्ये सळईचा रुपेरी ठिपका दिसतो, पण तोवर उशीर झालेला असतो. म्हणून आधी ड्रॉइंग मागायचं, नाहीतर डिटेक्टर फिरवायचा.

भोक झालं की त्यात स्क्रू धरायला प्लग. त्याचा जन्म लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला. भिंती न बिघडवता विजेची फिटिंग बसवायची म्हणून जॉन रॉलिंग्ज यांनी 1911 च्या सुमारास तागाचा प्लग काढला. इथल्या कादराबाद भागातल्या पांढऱ्या मातीच्या भिंतींना मात्र अजून लाकडी गुट्टीच बरी.

हल्ली सोलरची कामं वाढलीत. स्टँडसाठी गच्चीला भोकं पाडली की मृगाच्या पहिल्या सरीला छत टपकतं. त्यापेक्षा वाऱ्याला पुरतील एवढे वजनदार ठोकळे ओतायचे आणि ओततानाच बोल्ट बसवायचे. मग सात दिवस पाणी मारायचं. घाईचं गिऱ्हाईक इथंच कुरकुरतं.